मरळ गोळी का खात नाही?

सिद्धेश्वरच्या किंवा इसापूरच्या धरणावर मासळी घेणाऱ्याला मरळ ठाऊक नाही असे सहसा व्हायचे नाही. टोपलीतले रोहू-कटले केव्हाच निपचित पडलेले असतात आणि मरळ मात्र शेपटी आपटीत असते. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा धरून ठेवणारी पोकळी आहे. पाण्याबाहेर तोंड काढून ती श्वास घेते, म्हणून ओल्या टोपलीतही बराच वेळ तगते. जिवंत विकता येते, म्हणून भावही चांगला. मग शेततळ्यात लोक रोहू-कटलेच का सोडतात? रोहूला कोंडा-पेंड चालते. मरळीला हलते भक्ष्य लागते.

मोंढ्यातील आमच्या हमाल युनियनच्या कचेरीत काचेची एक पेटी आहे. गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका भोयाने तीत बोटाएवढी पाच पिले आणून सोडली. त्याचा प्रश्न साधा होता. एक किलो मरळ तयार करायला कितीतरी किलो बारीक मासळी घालावी लागणार असेल, तर गरिबाने ती पाळावी कशी? आणि उन्हाळ्यात ती बारीक मासळी आणायची कोठून?

मरळ हट्टी आहे असे म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. ती दबा धरून बसणारी शिकारी. समोर काही हलले की झडप, हा तिचा स्वभाव. चवीची पारख तोंडात घेतल्यावर. न हलणारी गोळी तिच्या लेखी काडीकचरा.

हे आम्हांस नंतर कळले. आधी आम्ही पिलांना चार दिवस उपाशी ठेवले आणि पाचव्या दिवशी मूठभर गोळ्या टाकल्या. गोळ्या फुगल्या, पाणी नासले, आणि सकाळी मोजतो तो पिले चारच! सर्वांत थोराडाने सर्वांत किरकोळाला गिळले होते. उपोषणे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. तरी येथे ताणायचे किती ते चुकले.

मग थोराडाला वेगळे काढले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरविले. आरंभी गांडुळाचे वळवळते तुकडे, रोज ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात. माणूस दिसला की पिले तेथे जमू लागली. पुढे मेलेला झिंगा दोऱ्याला बांधून पाण्यात हलविला. तो घेतल्यावर दोरा सोडला; बुडणारी वस्तूही हलतेच, ती तळाला टेकण्याआधीच पिले पकडीत. त्यानंतर काटे काढलेली मासळी वाटून तीत भिजवलेल्या गोळ्यांचा चुरा मिसळला. तीन-चार दिवसांनी चुरा वाढवावा, मासळी कमी करावी. नाकारले तर एक पायरी मागे यावे. त्यात कमीपणा नाही. उरलेले खाणे अर्ध्या तासात काढावे.

सोबतीचाही उपयोग होतो. एकाने घास घेतला की दुसरी हिसकावायला धावतात. तीन पिले सव्वा महिन्यात गोळीवर आली. एकट्या थोराडाला त्याच्या दुप्पट दिवस लागले. मात्र आकाराने सारखीच पिले एकत्र ठेवावीत.

गोळीही कोणतीही चालत नाही. रोहूसाठीचे खाद्य मरळीला पुरत नाही; तिला शंभरात चाळीसहून अधिक भाग प्रथिने असलेली लागते, आणि ती तरंगणारी असावी, म्हणजे किती खाल्ली ते दिसते. वय तर फारच महत्त्वाचे. नदीत शिकारीवर वाढलेली मोठी मरळ वळविणे फार कठीण. कित्येक वळतच नाहीत. म्हणून पाळणारे इवल्या पिलांपासून सुरुवात करतात. पावसाळ्यात तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर दिसतो, खाली आई-बाप राखण करीत असतात. त्या जोडीवर जाळे टाकू नये, हे जुने भोई आम्हांस सांगत आले आहेत.

आणखी एक. पेटीवर वजनदार जाळीचे झाकण ठेवावे, पण पाणी काठोकाठ भरू नये. वर हवा घ्यायला जागा हवी. झाकण विसरल्यामुळे आमचा थोराड एका सकाळी वर्गणीच्या वह्यांखाली सापडला. जिवंत होता. पेटीत सोडल्यावर संध्याकाळी गोळ्या खायला ठरल्या कोपऱ्यात हजर झाला.