वाघूरकाठचे वानर, किल्केनीचे लांडगे

अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूर पहूरवरून जामनेर तालुक्यात उतरते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या उगमाकडे, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातक रंगवलं आहे. पाचव्या शतकातल्या त्या भिंतीवर तिरंदाज बाण रोखतात, वानरराजा स्वतःच्या देहाचा पूल करून कळपाला पार करतो, खाली माणसं त्याला झेलायला कापड ताणून धरतात, आणि जवळच तोच वानर राजाला उपदेश करत बसलेला दिसतो. एकच पात्र पुन्हापुन्हा काढून काळ पुढे सरकवायची ही रीत पाहिली की वाटतं, लोककथांच्या ॲनिमेशनचा आढावा जामनेरकराने इथूनच सुरू करावा.

पडद्यावरची सुरुवातही लांबची नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या नाचवल्या. ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागात डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, आणि १९५७ च्या ‘द बनियन डिअर’साठी त्या विभागाने जातककथाच निवडली. विजया मुळे यांच्या १९७४ च्या ‘एक, अनेक और एकता’त जाळं घेऊन उडणारी पाखरं जुन्या नीतिकथेतून आली. भीमसेन यांनी जिवंत केलेली ती पाखरं दूरदर्शनसमोर वाढलेल्या पिढीला आजही आठवतात.

जगात लोटे रायनिगर यांनी कात्रीने कापलेल्या काळ्या कागदांतून १९२६ मध्ये ‘प्रिन्स अहमद’ उभा केला. कथा अरबी सुरस कथांमधली, काम जर्मनीतलं. १९३७ साली डिस्नेची हिमगौरी आली. ग्रिम बंधूंच्या कथेतल्या बिननावाच्या बुटक्यांना तिथे नावं आणि स्वभाव मिळाले. चित्रपट देखणा आहे, पण त्यानंतर जगभरच्या परीकथा एकाच मुशीतून ओतल्यासारख्या दिसू लागल्या, याचं मला वाईट वाटतं. म्हणूनच मिशेल ओसेलो यांचा ‘किरिकू’ (१९९८) मोलाचा. गिनीत बालपण गेलेल्या या फ्रेंच दिग्दर्शकाने पश्चिम आफ्रिकेतली कथा घेतली, सेनेगलच्या लोकांचे आवाज घेतले आणि संगीत युसू न्दूर यांच्याकडून करून घेतलं. जपानच्या इसाओ ताकाहाता यांनी २०१३ मध्ये वेळूतून जन्मलेल्या कागुया राजकन्येची दहाव्या शतकातली कथा कोळशाच्या रेषेत आणि जलरंगात मांडली. रागाने पळत सुटलेल्या कागुयाची ती रेषा अशी फाटत जाते की श्वास अडकतो.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते आयर्लंडमधलं किल्केनी. लोकसंख्येने जामनेरपेक्षा लहान असलेल्या या गावात ‘कार्टून सलून’ हा स्टुडिओ आहे. टॉम मूर आणि सहकाऱ्यांनी ‘सिक्रेट ऑफ केल्स’ (२००९), ‘साँग ऑफ द सी’ (२०१४) आणि ‘वुल्फवॉकर्स’ (२०२०) इथून केले. पहिल्याची आकृत्यांची ठेवण मध्ययुगीन हस्तलिखितांतून आली, दुसऱ्यात सीलचं कातडं पांघरणाऱ्या स्त्रीची किनाऱ्यावरची कथा आहे, आणि तिसऱ्यातले लांडगे तर किल्केनीच्याच रानातले. ‘साँग ऑफ द सी’ आयरिश भाषेतही निघाला. आपल्या गावचं रान, गावचं चित्र आणि घरची बोली सोबत घेऊन ही माणसं ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

आपल्याकडे त्या वाटेवरचं माझ्या मते सर्वांत खरं पाऊल म्हणजे नीना सबनानी यांचा ‘हम चित्र बनाते हैं’. तेव्हा मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या सबनानी यांनी मध्य प्रदेशातले भिल्ल चित्रकार शेरसिंग यांच्यासोबत तो केला. भिल्लांसाठी चित्र काढणं ही प्रार्थना का, याची मूळकथा त्यात आहे. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कथा ज्यांची, ठिपके आणि रंगही त्यांचेच. बाहेरून आलेल्या चित्रकाराने आदिवासींचं ‘डिझाइन’ उचललं, असा प्रकार इथे नाही. भिल्ल आपल्या सातपुड्यातही आहेत. चोपडा, यावल, रावेरच्या पाड्यांवर.

मोबाइलवर मराठी गोष्टींचे व्हिडिओ भरपूर मिळतात. बहुतेकांत म्हातारी, भोपळा, वाघ सगळे एकाच साच्यातले, आणि निवेदन शाळेच्या पुस्तकासारखं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी बंगालमध्येही आहे, इराणमध्येही. ती जामनेरची व्हायची तर तावडी बोलीत बोलायला हवी, तिच्या वाटेवर केळीच्या बागा आणि कापसाची रानं यायला हवीत.

ॲनिमेशनमध्ये संवाद सहसा आधी ध्वनिमुद्रित होतात आणि चित्रं त्या आवाजाच्या लयीवर बसवली जातात. म्हणजे सुरुवातीला स्टुडिओही लागत नाही. शेंदुर्णी, नेरी, पहूरच्या शाळांनी आपापल्या गावातल्या आज्यांच्या गोष्टी, ऐकणाऱ्यांच्या हुंकारासकट, मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. चित्रकार नंतर मिळतील. तो आवाज मात्र आत्ताच धरून ठेवावा लागेल.