विश्लेषण : समलिंगी प्रेमाचे कमी खर्चातील चित्रपट कोणत्या निकषावर जोखावेत?

चर्चा कशामुळे?
रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावले. वडिलांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट आहे.

प्रेक्षक कसे जोखतात?
बहुधा दोन टोकांनी. ‘निदान विषय तरी मांडला’ म्हणून काही जण ढिसाळ संवादही माफ करतात. काही जण ओळखीचे चेहरे आणि झगमगाट नाही म्हणून पाठ फिरवतात.

खर्चाची सबब कुठवर चालते?
‘साबर बोंडं’मध्ये पार्श्वसंगीत नाही, कॅमेराही बहुतांशी स्थिर आहे. सुतकातल्या घराला ही शांतता शोभते, त्यामुळे साधेपणा उणीव वाटत नाही. ध्वनी किंवा प्रकाशयोजनेतील त्रुटी पैशाअभावी राहू शकते. मात्र कच्च्या पटकथेला ती सबब पुरत नाही.

मग निकष कोणता?
साधा : हीच जोडी स्त्री-पुरुषाची असती, तर त्यांचे प्रेम पटले असते का? सवलत दिल्याने प्रेक्षक सहृदय ठरतो, पण दिग्दर्शकाला बरोबरीची वागणूक मिळत नाही.