लॅपटॉप निवडताना, लेखांक ६: नाव तेच, वॅट किती?

ग्राफिक्स मेमरीचा विषय आज घ्यायचा होता, पण तो आठवडाभर पुढे ढकलतो. मागच्या लेखावर चंद्रपूरहून एक प्रश्न आला आहे, आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय मेमरीची चर्चा लंगडी पडेल. वाचकाची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेमिंग आणि मशीन लर्निंग या दोन्हींसाठी तिने दोन लॅपटॉप पसंत केले आहेत. दोन्हींत आरटीएक्स ५०८०, प्रोसेसर एकाच तोडीचे, रॅम सारखी. त्यातला पातळ आणि देखणा लॅपटॉप महाग आहे, जाडजूड आहे तो स्वस्त. ‘कार्ड तेच असेल तर महाग तो चांगलाच असणार ना?’ असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नात एक गृहीतक लपले आहे: कार्डाचे नाव एक, म्हणजे वेगही एक. लॅपटॉपच्या दुनियेत हे गृहीतक टिकत नाही, आणि मोठी रक्कम मोजणाऱ्यांनाच त्याचा फटका जास्त बसतो.

डेस्कटॉपच्या कार्डाला किती वीज द्यायची हे बहुतांशी ठरलेले असते. लॅपटॉपच्या चिपसाठी एनव्हिडिया एक पट्टा देते, आणि त्यात कुठे थांबायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. आरटीएक्स ५०८० साठी हा पट्टा ८० ते १५० वॅटचा आहे, ५०७० साठी ५० ते १०० वॅटचा. मागच्या पिढीतल्या ४०६० चा तर ३५ ते ११५ वॅट होता, म्हणजे खालचे टोक वरच्या टोकाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पूर्वी निदान पाटी तरी वेगळी असायची. २०१७ साली पातळ लॅपटॉपांसाठी ‘मॅक्स-क्यू’ आले, तेव्हा कमी विजेवर चालणाऱ्या चिपच्या नावापुढे ते शेपूट लागत असे. २०२१ मध्ये ३० मालिकेबरोबर हे शेपूट गळाले आणि ८० वॅटची ३०८० व १५० वॅटची ३०८० एकाच नावाने विकल्या जाऊ लागल्या. त्या वर्षीच्या चाचण्यांत भरपूर वीज मिळालेली ३०६० आणि विजेची उपासमार झालेली ३०७० कित्येक गेममध्ये जवळजवळ बरोबरीने चालताना दिसल्या. ओरड झाल्यावर एनव्हिडियाने कंपन्यांना वॅटचा आकडा जाहीर करायला सांगितले. आता तो स्पेसिफिकेशनच्या पानावर बारीक अक्षरात सापडतो. दुकानातल्या पाटीवर मात्र अजूनही फक्त चिपचे नाव असते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे, ज्याचे वॅट जास्त तो घ्यावा. तेही बरोबर नाही. चिपचा वेग वाढवायचा तर तिला जास्त व्होल्टेज द्यावे लागते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही एकदम चढत असल्याने वरच्या टप्प्यात वीज ढोबळमानाने वेगाच्या घनाइतकी वाढते. हाच हिशेब उलटा केला, तर १५० वॅटच्या जागी ११० वॅट दिले तरी वेग साधारण ९० टक्के राहतो. ८० वॅटवर तो ८० टक्क्यांच्या आसपास येतो. त्याहून खाली गेले की मात्र घसरण तीव्र होते, कारण ग्राफिक्स मेमरीला लागणारी वीज फारशी कमी होत नाही आणि सगळी काटकसर मुख्य चिपच्या माथी येते. म्हणून पट्ट्याच्या तळाशी थांबवलेली चिप घेणे म्हणजे पैसे वाया, आणि अगदी टोकावरच्या २०-३० वॅटसाठी जादा पैसे मोजणेही फारसे शहाणपणाचे नाही. एवढ्यावर निकाल द्यायचा तर पातळ लॅपटॉपची बाजू काही वाईट नाही: दहा टक्के वेग सोडला की पाऊण किलो वजन वाचते.

पण कागदावरचे वॅट आणि प्रत्यक्ष मिळणारे वॅट यांत अंतर असते. जाहिरातीत ५०८० पुढे बऱ्याचदा १७५ वॅट लिहिलेले दिसते. त्यातले १५० चिपचे स्वतःचे आणि वरचे २५ ‘डायनॅमिक बूस्ट’चे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून उसने घेतलेले. प्रोसेसरला काम नसेल तरच हे उसने मिळते. गेममध्ये तो निम्मा मोकळा असतो, तेव्हा ते मिळूनही जाते. सिम्युलेशन चालू असताना प्रोसेसर आपला वाटा सोडत नाही. दावा तपासायचा तर अडॅप्टर उलटा करून त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणावेत. २० व्होल्ट आणि १२ अँपिअर असतील तर २४० वॅट, १६.५ अँपिअर असतील तर ३३०. ग्राफिक्स चिप १७५, प्रोसेसर ६० ते ९०, वर पडदा, पंखे आणि मेमरी धरली की बेरीज सहज २६० च्या पुढे जाते. २४० वॅटचा अडॅप्टर एवढे पुरवणार कुठून? अशा लॅपटॉपमध्ये एक तर दोन्ही चिपांची वीज छाटली जाते, नाहीतर चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते.

चंद्रपूरच्या वाचकासाठी खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. लॅपटॉपांच्या चाचण्या बहुधा २२ ते २५ अंशांच्या खोलीत होतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि कूलर नसलेली होस्टेलची खोली दुपारी सहज ४० अंशांवर जाते. किती उष्णता बाहेर टाकता येईल हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. लॅपटॉपमधली एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप साधारण ८७ अंशांवर स्वतःला आवरते. २२ अंशांच्या खोलीत हा फरक ६५ अंशांचा, ४० अंशांच्या खोलीत ४७ चा. म्हणजे तेच पंखे, त्याच तांब्याच्या नळ्या, पण उष्णता वाहून नेण्याची ताकद ७२ टक्के. खोली जितके अंश तापेल, जवळपास तितकेच अंश चिपच्या तापमानात मिळवावेत. चाचणीत ६८ अंशांवर राहिलेली चिप तिथे ८६ वर जाईल आणि कशीबशी निभावेल. चाचणीतच ८० गाठलेली चिप वेग कमी करूनच जगेल. पातळ लॅपटॉपांत थंडाव्याची शिल्लक बहुधा कमी असते. त्यांचे ११० वॅट मग ८० कडे घसरतात आणि वर मांडलेल्या हिशेबातले ‘फक्त दहा टक्के’ दुप्पट होतात. तेव्हा विकत घ्यायचे ते आपल्या खोलीत, आपल्या उन्हाळ्यात, तासभर टिकणारे वॅट.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की चाचण्यांमध्ये फ्रेम्सचे आकडे थेट मिळतात, मग वॅटचा खटाटोप कशाला? आपण घेतो त्याच मॉडेलची, अर्धा-पाऊण तास चाललेली चाचणी मिळाली तर जरूर तीच पाहावी. पण फ्रेम्सच्या तक्त्याशेजारी तापमानाचा तक्ताही वाचावा, कारण पहिला चाचणी करणाऱ्याच्या खोलीचे सांगतो आणि दुसऱ्यावरून आपल्या खोलीचा अंदाज बांधता येतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: अडीच-पावणेतीन किलोचा लॅपटॉप, वर वीटभर अडॅप्टर, हे रोज वर्गात कोण नेणार? तो मोठा अडॅप्टर खोलीतच ठेवावा. असे बरेच लॅपटॉप आता १०० वॅटपर्यंतच्या टाइप-सी चार्जरवर चालतात. वर्गात नोट्स काढताना मोठी ग्राफिक्स चिप झोपलेली असते, सगळा लॅपटॉप १२-१५ वॅटवर भागवतो, आणि ९० वॅट-तासांची बॅटरी सहा-सात तास पुरते. पूर्ण वेगाने खेळायला बॅटरी पातळ लॅपटॉपची असो वा जाडाची, अर्ध्या तासाचीच धनी, कारण विमानात सहज नेता यावी म्हणून कंपन्या ती १०० वॅट-तासांच्या आतच ठेवतात. वजनाचा पाऊण किलो मात्र खरा, आणि रोज बस-लोकलने तास-दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्यासाठी माझे उत्तर वेगळे असेल.

या वाचकाची मुलगी होस्टेलवर राहते, खोलीत एसी नाही आणि मशीन लर्निंगची कामे तासन् तास चालणार आहेत. तिने जाडजूड आणि स्वस्त तोच घ्यावा. घेताना अडॅप्टरचा गुणाकार करून पाहावा, आणि घरी आल्यावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये चिपची कमाल वॅट मर्यादा तपासावी. ती स्पेसिफिकेशनच्या पानाशी जुळत नसेल तर परतीची मुदत संपण्याआधी दुकान गाठावे. वाचलेल्या पैशांचे काय करायचे, हे पुढच्या लेखात मेमरीचा विषय निघेल तेव्हा ठरवू. एखादे मॉडेल ग्राफिक्स मेमरीत मावलेच नाही, तर वॅट कितीही असले तरी उपयोग होत नाही.