परीक्षेचा नमुना : त्याची राखण आणि त्याची साक्ष

जमिनीचें पृथक्करण करवून घेण्याचें महत्त्व शेतकरी बंधूंस आतां नव्यानें सांगावयास नको. कोणतें खत किती घालावें, जमीन चोपण होत चालली आहे कीं काय, विहिरीचें पाणी पिकास मानवेल कीं नाहीं, ह्या प्रश्नांचीं उत्तरें प्रयोगशाळेंतून मिळतात, आणि त्या उत्तरांवर विसंबून पुष्कळजण हंगामाचा खर्च ठरवितात. परंतु एक गोष्ट बहुधा ध्यानांत घेतली जात नाहीं. प्रयोगशाळेपुढें शेत जात नाहीं. जाते ती त्यांतील अर्धा किलो माती. ती माती शेतांतून निघाल्यापासून काचेच्या नळींत पडेपर्यंत जशी होती तशीच राहिली असेल, तरच निघालेला आंकडा शेताचा. एरवीं तो पिशवीचा, पडवीचा किंवा दमट भिंतीचा समजावा.

महसूल खात्याचें दफ्तर सांभाळण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास ही गोष्ट पटवून द्यावयास नको. कागद मूळचा कितीही खरा असला तरी त्यास वाळवी लागली, किंवा ओलीनें शाई पसरली, म्हणजे त्याची साक्ष लंगडी पडते. तथापि कागदाचा बिघाड निदान डोळ्यांस दिसतो. मातीचा व बियाण्याचा बिघाड दिसत नाहीं, आणि खरा धोका ह्यांतच आहे.

नमुना नीट राखल्यास तो किती काळ साक्ष देऊं शकतो, ह्याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांत आहे. लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर परगण्यांत रॉथॅम्स्टेड नांवाचें ठिकाण आहे. तेथील जमीनदार जॉन बेनेट लॉज ह्यांनीं जोसेफ हेन्री गिल्बर्ट ह्या रसायनशास्त्रज्ञास हाताशीं घेऊन १८४३ सालीं खतांचे प्रयोग आरंभिले. ते प्रयोग अद्याप चालू आहेत. दरसालचें धान्य, कडबा आणि वेळोवेळीं काढलेली माती वाळवून बाटल्यांत भरून ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता असे. बाटलीस बूच मारून वर मेण व शिसें ह्यांची मोहर करीत. आज अशा नमुन्यांची संख्या तीन लाखांवर गेली आहे.

ह्या खटाटोपाचें फळ काय मिळालें तें पाहावें. २००५ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या जुन्या गव्हांतून गव्हाच्या पानांवर डाग पाडणाऱ्या दोन बुरशींचें जनुकद्रव्य शोधून काढलें, आणि कोणत्या काळांत कोणती बुरशी बळावली होती तें ठरविलें. दोहोंचें हें पारडें हवेंतील गंधकाच्या धुरानुसार खालवर होत आलें, असें त्यावरून दिसून आलें. लॉज व गिल्बर्ट ह्यांस जनुकद्रव्याची कल्पनाही असणें शक्य नव्हतें. त्यांनीं फक्त नमुना कोरडा ठेवला, बंद ठेवला व त्यावर नांव-साल लिहिलें. तेवढ्यावर दीडशें वर्षांनंतरच्या प्रश्नास उत्तर मिळालें.

परंतु त्याच बाटलीस, ‘माती काढली त्या दिवशीं तिच्यांत पिकास लागू पडणारा नायट्रेट-नत्र किती होता?’ असें विचारल्यास भरंवशाचें उत्तर मिळणार नाहीं. मातींतील एकूण स्फुरद किंवा जड धातु हे कोरड्या बाटलींत स्थिर राहतात. नायट्रेट व सूक्ष्मजंतूंचें जीवन हीं तशीं राहत नाहींत. सबब नमुना राखण्याची एकच रीति सर्व परीक्षांस पुरत नाहीं. ज्या गुणाची परीक्षा करावयाची, त्या गुणास जपणारी राखण पाहिजे. सर्व विषयाचें सार हें एवढेंच आहे.

आतां आपल्या शेताकडे वळूं. ओली माती उन्हाळ्यांत प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून आठ दिवस पडली, तर तिच्यांतील सूक्ष्मजंतु स्वस्थ बसत नाहींत. ते सेंद्रिय द्रव्य कुजवून त्यांतील नत्र मोकळा करतात, आणि शेतांत पिकास लागू नसलेला नत्र कागदावर चढतो. उलट माती चिखलासारखी असून पिशवींत हवा उरली नाहीं, तर दुसऱ्या जातीचे जंतु नायट्रेट मोडून नत्र वायुरूपानें घालवितात, आणि कागदावर तो घटतो. म्हणून नेहमींच्या परीक्षेसाठीं माती लगेच सावलींत पसरून वाळवावी. ती उन्हांत किंवा चुलीजवळ तापवूं नये. तापविल्यानें लागू पालाश व स्फुरद ह्यांचे आंकडे हलतात. खास नायट्रेटाचीच परीक्षा असेल, तर मात्र नमुना बर्फाच्या पेटींतून थंड नेऊन त्वरित तपासावा. नीट वाळविलेली मातीही वर्षानुवर्षें पडून राहिल्यास तिच्यांतील लागू मँगनीज बदलतें, हें ध्यानांत असावें.

दुसरा दोष भांड्याचा. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. पोत्यास चिकटलेला चिमूटभर युरिया अर्ध्या किलो मातीस पुरून उरतो. जस्ताची गोष्ट तर याहून नाजूक आहे. दहा लाख भाग मातींत लागू जस्त सुमारें ०.६ भागाहून कमी निघाल्यास जमिनींत जस्ताची उणीव आहे असें सामान्यतः धरतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलींत माती कालविली, तर बादलीचें जस्त मातींत उतरतें, उणीव झांकली जाते, आणि पीक पिवळें पडण्याचें कारण सांपडत नाहीं. अशा परीक्षेसाठीं लांकडाचें किंवा प्लॅस्टिकचें भांडें व नवी, स्वच्छ पिशवी घ्यावी.

बियाण्याचा नमुना तर जिवंतच असतो. हॅरिंग्टन ह्या शास्त्रज्ञानें घालून दिलेला स्थूल नियम असा आहे कीं, दाण्यांतील ओल शेंकडा एकानें कमी केल्यास त्याचें आयुष्य दुप्पट होतें, आणि सांठवणीची उष्णता पांच अंशांनीं उतरविल्यासही तें दुप्पट होतें. हिशेब करून पाहावा. शेंकडा १२ ओल व ३५ अंश उष्णता अशा स्थितींत ठेवलेल्या दाण्यापेक्षां ९ ओल व २५ अंश अशा स्थितींतील दाणा सुमारें बत्तीसपट टिकावा. हा नियम ढोबळ असला तरी पत्र्याच्या खोलींत लोंबकळणाऱ्या पिशवीचें काय होत असेल, तें त्यावरून कळतें. येथेंही राखण परीक्षेप्रमाणें बदलते : ओल मोजावयाची तर नमुना हवाबंद डब्यांत पाहिजे, उगवण पाहावयाची तर न वाळलेला दाणा हवाबंद कोंडतां कामा नये, त्यास कापडी पिशवी बरी.

ह्यांत शेतकऱ्याच्या हक्काचाही प्रश्न आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यानें घालून दिलेली रीति अशी कीं, निरीक्षकानें नमुन्याचे तीन भाग करावे. एक विक्रेत्यास द्यावा, एक तपासणीस धाडावा आणि एक पुढील वादासाठीं राखून ठेवावा. हा तिसरा भाग म्हणजे पंच होय. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण शेंकडा निदान ७० पाहिजे, आणि सोयाबीन तर सांठवणींत लवकर खालावणारें पीक. पंच म्हणून ठेवलेला दाणा दमट कपाटांत वर्षभर पडून ६० वर आला, तर पेरणीच्या दिवशीं तो किती होता हें कोण सांगणार? चांगल्या विक्रेत्यावर नाहक आळ येईल, किंवा लबाडास पळवाट मिळेल. शेतकरी घेतलेलें बियाणें पेरून टाकतो, त्यानें परीक्षेसाठीं नमुना राखलाच पाहिजे अशी अपेक्षा धरणें रास्त नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं म्हटलें आहे. तरीही मूठभर दाणे हाताशीं असलेले बरे.

म्हणून सभासद बंधूंनीं पुढील गोष्टी पाळाव्या.

१. मातीच्या नमुन्यावर गट क्रमांक, खोली, काढल्याची तारीख व मागील पीक लिहावें. एक चिठ्ठी पिशवींत व एक बाहेर असावी, आणि ती शिसपेन्सिलीनें लिहावी; ओलीनें शाई पसरते.

२. नमुना खतें, कीटकनाशकें, राख व गोठा ह्यांपासून दूर ठेवावा. आणि वाळल्यावर विलंब न लावतां पोंचवावा.

३. बियाण्याची पिशवी, खूणचिठ्ठी व पावती हंगाम संपेपर्यंत जपावी. मूठभर वाळलेले दाणे कोरड्या, घट्ट झांकणाच्या बाटलींत भरून घरांतील सर्वांत थंड जागीं ठेवावे.

४. ज्या प्रयोगशाळेंत नमुना द्यावयाचा, तेथें ओळखीच्या मातीचा नमुना दर तुकडीबरोबर तपासतात काय, हें नम्रपणें विचारावें. चांगल्या प्रयोगशाळा असा नमुना आपल्या कामाची पारख म्हणून बाळगतात; तोही कोरडा व बंद राखलेला असेल तरच त्या पारखेस अर्थ आहे.

ह्यांपैकीं कोणत्याही गोष्टीस खर्च असा फारसा नाहीं. लागते ती थोडी दक्षता. एका चुकीच्या आंकड्यावर खरेदी केलेल्या खताच्या चार पोत्यांची किंमत मात्र प्रत्येकानें स्वतःच करून पाहावी.