दावीद, दावीदु आणि दाऊद

सोलापुरात एकच नाव चार तऱ्हांनी ऐकू येतं. मराठी बायबलातला दावीद तेलुगूत दावीदु होतो, कन्नडात कर्ता म्हणून आला की दावीदनु, आणि उर्दूत दाऊद. विणकरांच्या पेठांमधून तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने कन्नड, सोबत मराठी आणि उर्दू असं हे शहर. परकं नाव आलं की प्रत्येक भाषा त्याला आपला प्रत्यय लावते, हे इथे सहज कानावर पडतं. हेच काम ग्रीक भाषेने बावीसशे वर्षांपूर्वी केलं होतं.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ज्यूंच्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर सुरू झालं. पहिली अडचण ‘श’ची. ग्रीकमध्ये तो नाही, म्हणून मोशेचा मोउसेस आणि येशूआचा इएसूस झाला. दुसरी अडचण विभक्तीची. ग्रीक पुरुषनावाला शेवटी सहसा ‘स’ लागतो आणि तो विभक्तीप्रमाणे बदलतो. भाषांतरकारांनी काही नावांना तो जोडला. अब्राहाम, दावीद, याकोब मात्र तशीच, न चालवता ठेवली. पुढे नव्या करारात जुना कुलपिता याकोब तसाच राहिला, पण येशूच्या शिष्याचं तेच नाव याकोबोस झालं. पहिल्या शतकाच्या अखेरीस ज्यू इतिहासकार जोसेफस याने तर जवळजवळ सगळ्या नावांना ग्रीक वळण दिलं आणि ग्रीक वाचकाच्या कानाला बरं वाटावं म्हणून तसं केल्याचं लिहूनही ठेवलं.

आपल्याकडे ही नावं छापील बायबलाच्या आधीच पोहोचली होती, ती कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. ग्रीकांनी ‘स’ लावला तसा यांनी ‘जी’ लावला. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांमध्ये सामाजी हसाजी दिवेकर होते. 1832 मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. पुढे शाळा वाढल्या, हिब्रूची आणि इंग्रजीची ओळख झाली आणि ‘जी’ची नावं मागे पडली.

छापील मराठी बायबलाची सुरुवात बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूरला) मिशनरी विल्यम कॅरी यांच्या छापखान्यात झाली. 1811 मध्ये नवा करार निघाला. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये अहमदनगरला आणि 1860 च्या दशकात सोलापुरात आलं. मराठी बायबलात जुन्या करारातली नावं हिब्रूला धरून आहेत: मोशे, शलमोन, यशया. ग्रीकने गमावलेला ‘श’ मराठीत परत आला. नव्या करारातली पेत्र, पौल, मत्तय ही नावं ग्रीक रूपातली, पण शेवटचा ‘ओस’ छाटलेली. इंग्रजीने जेकब आणि जेम्स असे दोन केलेले याकोब मराठीत पुन्हा एक झाले. पंडिता रमाबाईंनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला.

विभक्तीचा तिढा मात्र मराठीतही आहे. बायबलात ‘दाविदाने’, ‘योहानाला’ असं सामान्यरूप होतं. घरात त्याच नावाचा मुलगा असेल तर आपण ‘दावीदने’, ‘योहानला’ म्हणतो, जसं रमेशने, मोहनला. अलेक्झांड्रियातल्या भाषांतरकारांनी दावीद न चालवता ठेवला, जोसेफसने चालवला. आपण ग्रंथात एक करतो आणि घरात दुसरं.

गेल्या दोन पिढ्यांत शाळेच्या दाखल्यावर शमुवेलचा सॅम्युअल आणि याकोबचा जेकब होऊ लागला. यात तक्रारीचं काही नाही. आता वळण इंग्रजीचं आहे, इतकंच. पण आधीच्या पिढ्यांनी घरात नावं कशी लिहिली आणि उच्चारली, हे बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांमध्येच सापडेल. सोलापुरातल्या ज्या ख्रिस्ती मंडळ्यांकडे अशा वह्या असतील, त्यांनी कागद जीर्ण होण्याआधी त्या स्कॅन करून ठेवाव्यात.