इंजिन तापले, दोष कोणाचा?

जून-जुलैची मासेमारी बंदी संपत आली की मिरकरवाड्याच्या बंदरावर रंगाचा, डिझेलचा आणि नव्या दोराचा वास सुटतो. शाकारलेल्या नौकांवरच्या ताडपत्र्या उतरतात. जाळी जेटीवर पसरली जातात. ज्या घरांची रोजी समुद्रावर आहे, त्या घरांत या दिवसांत पैसा येत नाही, फक्त जातो. डिझेल, बर्फ, रेशन, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांना द्यायची उचल, इंजिनाची सर्व्हिसिंग. हे सगळे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतून भरून निघेल, इन्शाअल्लाह, या हिशेबावर केलेले असते. म्हणून पहिल्याच फेरीला इंजिन तापले तर त्याची झळ थेट घरातल्या चुलीपर्यंत येते. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी ती आली होती.

आधी हे इंजिन गार कसे राहते ते सांगायला हवे, कारण आमच्यापैकी निम्म्यांना ते तेव्हा नीट ठाऊक नव्हते. नौकेतले सहा सिलिंडरचे इंजिन बरेचसे ट्रकच्या इंजिनासारखेच असते. ट्रकला पुढे रेडिएटर असतो आणि त्यावर वारा लागतो. नौकेचे इंजिन तळाशी बंद खणात बसलेले, तिथे वारा कुठून येणार? तिथे ते काम समुद्राचे पाणी करते. इंजिनाच्या आत गोडे पाणी, म्हणजे कूलंट, फिरत असते. ते तापून एका नळकांड्यात येते, त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. त्यात बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या एका बाजूने गोडे पाणी जाते, दुसऱ्या बाजूने खारे. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. घरात तापलेल्या दुधाचे पातेले पाण्याच्या परातीत ठेवतो, तसेच. फरक एवढाच की परातीतले पाणी इथे सारखे बदलावे लागते. त्यासाठी एक पंप तळाच्या झडपेतून समुद्राचे पाणी ओढतो आणि काम झालेले पाणी नौकेच्या बाजूच्या नळीतून बाहेर टाकतो. ती बाहेर पडणारी धार ही इंजिनाची नाडी. काटा पाहण्याआधी धार पाहावी, असे जुने तांडेल सांगतात ते उगाच नाही.

त्या वर्षी सर्व्हिसिंग व्यवस्थित झाली होती. मिस्त्री चाचांनी तेल बदलले, फिल्टर बदलले, जुने कूलंट काढून नवे भरले, पट्टा बदलला, खाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, नवा घातला. जेटीवर इंजिन अर्धा तास चालवून दाखवले. काटा ऐंशीच्या आसपास स्थिर, बाजूची धार मनगटाएवढी जाड. अब्बांनी दुआ मागितली, फज्रनंतर नौका सुटली. सात माणसे, तीन दिवसांचा बर्फ.

बंदराचे तोंड ओलांडून वेग वाढवल्यावर वीस मिनिटांत काटा पंच्याण्णवच्या पुढे गेला.

तांडेल मामूंनी जे केले ते सांगण्यासारखे आहे. त्यांनी आधी वेग कमी केला आणि काटा वर जातो की खाली येतो ते पाहिले. तो खाली येऊ लागला. तेलाचा दाबही ठीक होता. म्हणून त्यांनी इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ मंद चालू ठेवले. तापलेले इंजिन एकदम थांबवले की आतले पाणी फिरायचे थांबते, आणि धातूत साठलेली उष्णता जागच्या जागी हेड आणि गॅस्केट भाजते. धार पूर्ण बंद असती किंवा तेलाचा दाब पडला असता, तर मात्र ताबडतोब बंद करणे हाच मार्ग. खडक जवळ होते, म्हणून नांगर तयार ठेवायला सांगितले आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावले. एका पोराने घाईने कूलंटचे झाकण उघडायला हात घातला, त्याला मामूंनी ओरडून मागे ओढले. त्या झाकणाखाली पाणी दाबाखाली असते, त्यामुळे शंभर अंशांवरही ते उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब सुटतो आणि ते सगळे एकदम उकळून तोंडावर येते. गरम इंजिनात थंड पाणी ओतणे तितकेच वाईट, हेडला तडा जातो. नौका हळूहळू, बैलगाडीच्या चालीने, जोहरच्या सुमारास परत आली. सात जण सुखरूप, अल्हम्दुलिल्लाह. तटरक्षक दलाला 1554 वर फोन करायची वेळ आली नाही, पण तो नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. प्रत्येक नौकेत तो असावा.

जेटीवर त्यानंतर जे झाले ते आमच्या घराला शोभणारे नव्हते. सर्व्हिसिंगनंतर पहिल्याच दिवशी इंजिन तापले, म्हणजे सर्व्हिसिंग करणारा चुकला, हा हिशेब सगळ्यांनी एका क्षणात केला. अब्बा रागाने मिस्त्री चाचांना चार लोकांत बोलले. उरलेली निम्मी मजुरी थांबवली. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आमच्या घरात लहान मुलालाही माहीत आहे, पण त्या दुपारी ती कोणाला आठवली नाही.

मिस्त्री चाचा काही न बोलता खाली उतरले. त्यांची तपासायची पद्धत आम्हाला तेव्हा प्रथम कळली. ते म्हणाले, “मे महिन्यात हे इंजिन बरोबर चालत होतं. मध्ये फक्त माणसाचे हात लागलेत. तेव्हा हात जिथं जिथं लागले, तिथं तिथं उलट्या क्रमाने जायचं.” त्यांनी स्वतःच्याच कामापासून सुरुवात केली.

पहिला संशय हवेचा. कूलंट रिकामे करून पुन्हा भरले की वरच्या भागात हवा अडकून राहते. तिथे पाणी पोहोचत नाही, आणि काट्याचा सेन्सर त्या हवेत असेल तर तो आधी खोटेच कमी तापमान दाखवतो. सर्व्हिसिंगनंतर तापणाऱ्या इंजिनात हे कारण फार वेळा सापडते. त्यांनी वरचा बोल्ट सैल केला, बुडबुडे थांबून सलग पाणी येईपर्यंत थांबले. बुडबुडे आलेच नाहीत. मग पट्टा. मध्यावर अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर आत जायला हवा, तेवढाच जात होता. (नवा पट्टा पहिल्या काही तासांत ताणला जातो, म्हणून तो पुन्हा एकदा कसावा लागतो. हे बरेच जण विसरतात.) मग पंपाचे झाकण उघडले. इम्पेलर साबूत. तो रबराचा असतो आणि पाण्यानेच त्याला वंगण मिळते. तळाची झडप बंद ठेवून इंजिन चालू केले तर तो थोड्याच वेळात जळतो, पाती तुटतात, आणि तुटलेले तुकडे पुढे एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन अडकतात. नवा पंखा घातला तरी तुकडे आतच राहतात आणि इंजिन तापतच राहते. म्हणून जुन्या पंख्याची पाती मोजायची असतात. चाचांनी जुना पंखा जपून ठेवला होता. पाती पूर्ण होती. एक्स्चेंजरमधली जस्ताची कांडीही काढून पाहिली. गंजण्याची वेळ आली तर आधी ती गंजावी आणि महाग धातू वाचावा म्हणून ती बसवलेली असते, पण जुनी कांडी मोडून आत पडली की तीच वाट अडवते. तीही जागेवर होती. तळाच्या जाळीवर रंग बसला नाही ना, हे एका खलाशाने पाण्यात बुडी मारून हाताने चाचपले. जाळी मोकळी.

बंदरावर सल्ल्याला कधी तोटा नसतो. एकाने थर्मोस्टॅट काढून टाका म्हणून फार आग्रह धरला. हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि आमच्या मते तो वाईट आहे. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी, आडवी वाट बंद करतो. तो काढला की पाणी त्या आडव्या वाटेने एक्स्चेंजर टाळून फिरत राहते आणि इंजिन आणखी तापते. संशय असेल तर थर्मोस्टॅट भांड्यात पाणी तापवून त्यात सोडावा आणि उघडतो का ते पाहावे. चाचांनी तेच केले, आमच्याच चुलीवर. तो ठरल्या अंशांवर उघडला.

रात्र झाली. चाचा हात पुसत म्हणाले, “माझ्या हातचं सगळं पाहिलं. माझ्यानंतर कोणी कशाला हात लावलाय का?” कोणी बोलले नाही. ते सलाम करून निघून गेले.

उत्तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आले. अम्मी नौकेची सगळी बिले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. मजुरीचा हिशेब पाहायला तिने डबा उघडला, आणि तिला मिस्त्रींच्या बिलानंतर दोन दिवसांनी फाडलेले एक बिल दिसले. बांधकामाच्या सामानाच्या दुकानाचे, त्यावर रबरी पाइप आणि दोन क्लिपा. तिने विचारले, “हे काय आणलं होतं रे?” आमचा धाकटा भाऊ खाली पाहू लागला.

झाले होते असे. रंग देताना तळाच्या झडपेपासून पंपापर्यंतचा जुना पाइप टोकाला चिरला. चिर त्याच्याच पान्याने पडली होती. समुद्री कामाचा पाइप महाग, घरात पैशाची ओढ, म्हणून त्याने साधा पाइप आणून स्वतः बसवला. चांगल्या हेतूने केले आणि लाजेपोटी सांगितले नाही. नंतर सगळे मिस्त्रींवर तुटून पडले, तेव्हा त्याचे तोंड अधिकच बंद झाले.

ओढणाऱ्या बाजूच्या पाइपात तारेचे वेटोळे असावे लागते. पंप जोरात ओढू लागला की पाइपाच्या आत पोकळी होते आणि बिनतारेचा मऊ पाइप बाहेरच्या हवेच्या दाबाने चपटा होतो. स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढली की स्ट्रॉ मिटते, तसे. मंद चालीत ओढ कमी, पाइप गोल, धार जाड. वेग वाढला, ओढ वाढली, पाइप मिटला, पाणी आटले. इंजिनखणाच्या गरमीने रबर आणखी नरम झाले. जेटीवर सगळे ठीक आणि समुद्रात तापते, वेग कमी केला की निवळते, या कोड्याचे उत्तर एवढेच होते. पाइप गरम झाला नाही, गळला नाही, त्यामुळे कोणाच्या नजरेत भरला नाही. आणि तो नवा होता. नव्या वस्तूवर कोण संशय घेतो?

खात्री करून घ्यायला चार दोरांनी नौका जेटीला घट्ट बांधली, गिअर टाकला आणि इंजिनावर खरा भार दिला. भाऊ बॅटरी घेऊन खाली बसला. दोन मिनिटांत त्याचा आवाज आला, “मिटला!” वर बाजूची धार बोटाएवढी झाली होती. जेटीवर इंजिन नुसते मोकळे चालवून पाहणे म्हणजे तपासणी नव्हे, हे आम्हाला तेव्हा कळले. आता बाजूच्या नळीखाली बादली धरतो, ती किती सेकंदांत भरते ते मोजतो, मंद चालीत एकदा आणि भाराखाली एकदा. मोसमाच्या सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला की पुढे धार कमी झाली तर लगेच कळते. बाजारात मिळणारी दुरून तापमान मोजायची गनही घेतली, कारण कधीकधी काटाच खोटा बोलतो. कोरोनात कपाळाला लावायचे ती नव्हे, तिची मजल अंगाच्या तापापुरतीच. कारखान्यांत वापरतात ती.

त्याच संध्याकाळी, मगरिबनंतर, अब्बा उरलेली मजुरी आणि वर त्या दिवसाच्या कामाचे पैसे घेऊन जेटीवर गेले. घरी जाऊन माफी मागितली असती तर चालले असते, असे आम्ही म्हणालो. अब्बा म्हणाले, “बोललो चार लोकांत, तर माफीही चार लोकांत.” भाऊ बरोबर होता. मिस्त्री चाचांनी वरचे पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. भावाला एवढेच म्हणाले, “पाइप चिरला तेव्हा सांगितलं असतंस तर मी माझ्याकडचा तारेचा तुकडा फुकट दिला असता.” ते ऐकून तो रडला. वय वर्षे एकोणीस.

फेरीचे चार दिवस गेले. एक बर्फ वितळला, खलाशांच्या घरी पहिल्या आठवड्याचे पैसे उशिरा पोहोचले. ते नुकसान पुढच्या फेऱ्यांत भरले.

आता केबिनमध्ये दोरीला एक वही बांधलेली असते. इंजिनाच्या कशालाही हात लावला की तारीख, वस्तू आणि नाव लिहायचे, मग तो मिस्त्री असो, मालक असो की खलाशी. लिहिणाऱ्याला कोणी रागवायचे नाही, हा अम्मीचा नियम. गेल्या मोसमात त्यात एका खलाशाने लिहिले होते, ‘क्लिप माझ्याकडून पाण्यात पडली, दुसरी लावली, बघून घ्यावी.’ चाचांनी बघितली, ती सैल होती.

बिनतारेचा तो पाइप आम्ही फेकला नाही. मोरीचे पाणी परसातल्या माडाच्या आळ्यात न्यायला अम्मीने तो लावला आहे. तिथे तो उत्तम चालतो.