तळमजल्याचं तळघर होतं तेव्हा

लोअर परळमध्ये घराखाली तळघर कुणी खणत नाही. तरीही तिथल्या जुन्या चाळींमधल्या तळमजल्याच्या कितीतरी खोल्या आज तळघरातच जमा आहेत. इमारत जागच्या जागी राहिली आणि रस्ता वर चढत गेला. डांबराचा जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, मग पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीट. एके काळी तीन पायऱ्या चढून ज्या ओट्यावर जावं लागे, तिथे आता एक पायरी उतरावी लागते. उंबऱ्यापाशी विटांचा वीतभर बांध घालून वरून सिमेंट फासलेलं दिसलं, की त्या घरात पाणी कुठवर येऊन गेलं ते विचारायची गरज उरत नाही.

मुळात ही जमीनच सखल. मुंबईची बेटं वेगळी होती तेव्हा वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट आत शिरायचं. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, म्हणजे आजचा हाजीअलीचा लाला लजपतराय मार्ग, आणि आतली दलदल हळूहळू वापरात आली. पुढे त्यावर गिरण्या आणि गिरण्यांभोवती चाळी उभ्या राहिल्या. पाण्याने मात्र आपली वाट विसरलेली नाही. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांची समुद्राकडची तोंडं पाणी बाहेर सोडत नाहीत, आणि हिंदमात्यापासून डिलाईल रोडपर्यंतची मंडळी सामान खाटेवर चढवायला लागतात.

अशी खोली थोडक्या पैशांत नीटनेटकी करायची असते. पोराची दहावी असते, घरात कार्य असतं किंवा भाडेकरू ठेवायचा असतो. सल्ला मोबाइलवरून मिळतो आणि त्यातला बराचसा अमेरिकेतला असतो. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं ‘बेसमेंट’ नात्यागोत्यात एव्हाना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथे गणपती बसतो, पाहुणे उतरतात, पोरं सिनेमा बघतात. पण तिथे तळघर असतं ते हौसेपोटी नव्हे. थंडीत जमीन गोठते, गोठलेली जमीन फुगते, म्हणून पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर खोली करून घ्यावी, हा तिथला हिशेब. चांगल्या बांधलेल्या घरात पायाभोवती पाणी वाहून नेणारी नळी असते, कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंप असतो, हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र चालू असतं. व्हिडिओत यातलं काही दिसत नाही. दिसतं ते वरचं जिप्सम बोर्ड आणि गालिचा. लोअर परळच्या खोलीत नेमकं तेवढंच आणलं जातं आणि पहिल्या पावसात पैसे पाण्यात जातात.

‘वॉटरप्रूफ रंग मारला की ओल गेली’

सगळ्यांत जास्त पैसा खाणारा गैरसमज हाच. ओल तीन वाटांनी येते: जमिनीतून, वरच्या मजल्यावरून आणि हवेतून. तिन्हींचा इलाज वेगळा, आणि रंग हा यातल्या एकीचाही इलाज नाही.

वीट आणि चुना यांच्यातल्या बारीक छिद्रांतून जमिनीतलं पाणी वर चढतं. साधारण कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीवर जो काळसर नागमोडी पट्टा दिसतो, तो याचाच. पाणी वाळतं आणि सोबत आणलेला क्षार मागे ठेवतं. बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. त्यालाच लोणा म्हणतात. आतून न झिरपणारा रंग मारला की पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते, मग ते रंगाला फुगवतं, पोपडे पाडतं किंवा बंद पट्ट्याच्या वर जाऊन डोकं काढतं. ‘ओल वर चढली’ म्हणून दुसऱ्या वर्षी रंग छातीपर्यंत मारला जातो. तिसऱ्या वर्षी काय होतं हे सांगायला नकोच.

ओल नेमकी कुठून येते हे ओळखायची एक फुकटातली परीक्षा आहे. फूटभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि दोन दिवसांनी पाहावं. दव कागदाच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर दोष हवेचा. भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतूनच येतं आहे. एवढं कळल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये.

जुन्या वीट-चुन्याच्या भिंतीला स्वस्त आणि मानवणारा उपाय जुनाच आहे. ओलीच्या पट्ट्याच्या वर दोन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा टाकी लावून काढायचा, सांधे खरवडायचे, भिंतीला मोकळं वाळू द्यायचं आणि मग चुन्याचाच गिलावा नि चुन्याचाच हात. चुन्यातून वाफ बाहेर पडते. वीटकाम वाळायला महिने लागतात, आठवडे नव्हे. घाई करणाऱ्या मिस्त्रीला इथेच थांबवावं. कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ठेवलं तरी मागची बुरशी बरीच कमी होते, आणि याला एक पैसा लागत नाही.

बीडीडी चाळींची गोष्ट निराळी. विसाच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या चक्क सळईच्या काँक्रीटमध्ये बांधल्या. ना. म. जोशी मार्गावर अशा ३२ इमारती. तिथे छताचा पोपडा पडतो तेव्हा आतली सळई गंजून फुगलेली असते. ते काम रंगाऱ्याचं नाही, आणि पुट्टी भरून झाकायचं तर मुळीच नाही.

‘पाणी वरच्यांचं, आपल्या हातात काही नाही’

चाळीतली निम्मी भांडणं मोरीवरून होतात असं म्हटलं तर फारसं कुणी रागावणार नाही. वरच्या खोलीची मोरी खालच्यांच्या छतावर उतरते आणि दोन्ही घरं वर्षानुवर्षं एकमेकांकडे बोट दाखवतात. खरं-खोटं करायला प्लंबरचीही गरज नाही. वरच्या मोरीतल्या नहाणी ट्रॅपला बोळा घालून दोन बोटं पाणी भरावं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारावी आणि दिवसभर पाणी न वापरता थांबावं. रेघेखाली पातळी गेली आणि खाली डाग ओला झाला तर दोष तळाचा. तसं नसेल तर नळाचा पाइप किंवा सांडपाण्याचा सांधा. तळ गेला असेल तर लादी उखडून विटांच्या तुकड्यांचा कोबा नव्याने करावा लागतो, आणि नवी लादी बसवण्याआधी पाणी भरून हीच परीक्षा पुन्हा घ्यायची असते. खर्च दोघांत वाटून घेतलेला स्वस्त पडतो. खालच्याने दर वर्षी छत रंगवत बसण्यापेक्षा तर नक्कीच.

‘पॅनल लावलं की भिंतीचं काम मिटलं’

पीव्हीसीची पॅनलं ओलीने कुजत नाहीत, हे खरं. पण ती ओल घालवतही नाहीत, झाकतात. मागे बुरशी वाढते, झुरळांना हक्काचं घर मिळतं आणि लाकडी पट्ट्यांवर ठोकली असतील तर वाळवीलाही. पीओपी आणि जिप्सम बोर्ड तर ओल्या भिंतीचे वैरीच. जिप्सम पाण्याने मऊ पडतं. एमडीएफची कपाटं एकदा भिजली की पावासारखी फुगतात आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. तळमजल्यावर फर्निचर करायचंच तर खालचा भाग लोखंडी किंवा कडप्प्याचा ठेवावा आणि प्लायवूड घेताना त्यावर ‘आयएस ७१०’ हा शिक्का पाहावा. हा मरीन प्लाय उकळत्या पाण्यात ७२ तास टिकावा असा निकष आहे. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे दाखवतो ते पुष्कळदा नुसतं दमट हवा सोसणारं असतं. शंका असेल तर एक तुकडा मागून घ्यावा आणि घरी पातेल्यात उकळून पाहावा.

‘लादीवर लादी बसवली की काम स्वस्तात होतं’

तळमजल्यावर, जमिनीवरच्या कोब्यावर, हे एक वेळ चालतं. वरच्या मजल्यावर मात्र आधी वजनाचा हिशेब करावा. बीडीडीतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. त्यावर दोन इंच मालाचा थर टाकला तर नुसत्या मालाचंच वजन दीड टनाच्या आसपास जातं. लादी वेगळी. लाकडी तुळयांवर उभ्या चाळीत हा भार शंभर वर्षांच्या लाकडावर पडतो, आणि एका खोलीचं पाहून शेजारचेही तेच करतात.

तळमजल्यावर भराव घालून जमीन उंच करण्याची दुसरी तऱ्हा आहे. ती कामी येते, पण तेवढीच उंची छताकडून कमी होते आणि अडलेलं पाणी शेजारच्या खोलीत शिरतं. सगळी रांग मिळून करणार नसेल तर त्यात शहाणपण नाही.

भिंत किंवा खांब ‘थोडासा’ कापून जागा काढणं, हा स्वस्ताईचा शेवट. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चालू असलेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार गिलावा, रंग, लादी अशा किरकोळ दुरुस्तीसाठी नोटीस द्यावी लागत नाही. मात्र भार पेलणाऱ्या कोणत्याही भागाला हात लावणं त्यात बसत नाही.

‘पोटमाळा आपल्याच खोलीत, त्याला परवानगी कसली?’

जमिनीला जागा नाही म्हणून माणूस वर चढतो. पोटमाळा हे लोअर परळचं उलटं तळघर. तिथे पेट्या राहतात, मखराचं सामान राहतं आणि पुष्कळ घरांत थोरला मुलगाही राहतो. नियमावलीच्या भाषेत माळा म्हणजे सामान ठेवायची जागा आणि त्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर. राहण्याच्या खोलीला पावणेतीन मीटर उंची लागते. एका खोलीच्या दोन करायच्या तर छत अठरा फुटांवर हवं. तेवढं चाळीत कुठलं?

खासगी मालकीच्या चाळीत, पागडीची खोली असली तरी, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली ते जागा खाली करायला कारण ठरू शकतं. कलम १६ मधला खुलासा मात्र भाडेकरूने जरूर वाचावा. लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं ही कामं गरज असेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केली तर ती पक्कं बांधकाम धरली जात नाहीत. पोटमाळ्याचं नाव त्या यादीत नाही. म्हणून मालकाचा कागद आधी, सुतार नंतर.

कागद मिळाल्यावरही काँक्रीटचा माळा टाकू नये. ८० चौरस फुटांचा चार इंची स्लॅब पावणेदोन टनांच्या पुढे जातो. तेवढ्याच जागेला १८ मिलिमीटरचं प्लायवूड शंभर किलोच्या आत बसतं. लोखंडी चॅनलचं वजन वेगळं. गरम हवा वर साचते, तेव्हा माळ्याच्या उंचीवर एक छोटा एक्झॉस्ट फॅन हवाच. शिडी दाराच्या वाटेत येऊ नये.

काही गोष्टी थोडक्यात आटोपतात. पावसाळ्यात खिडक्या उघडल्याने खोली वाळत नाही. बाहेरची हवाही तितकीच दमट असते आणि थंड लादीला उलट घाम सुटतो. अशा दिवसांत पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवणं बरं. पांढऱ्या रंगाने अंधारी खोली मोठी दिसत नाही, नुसती राखाडी दिसते. आधी उजेडाची सोय, मग रंग. स्विचबोर्ड मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. सजावटीत काटकसर करता येते, इथे करू नये. ‘घर सजवलं की पुनर्विकासात भाव वाढतो’ हेही खोटं. बीडीडीच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीमागे ५०० चौरस फुटांचं घर ठरलं, आतल्या सनमायकाकडे कुणी पाहिलं नाही.

नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांनाही खरंखुरं तळघर दिसलं की तिथे अभ्यासिका काढायचा मोह होतो. दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरात २७ जुलै २०२४ रोजी अशाच तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. ती जागा वाहनतळ आणि गोदामासाठी मंजूर होती.

राहिला परळ-लालबागचा लाडका गैरसमज: गणपतीआधी रंग काढायचा. कोकणातल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण श्रावण-भाद्रपदात भिंत पाणी पिऊन बसलेली असते. त्या वेळी मारलेला रंग दिवाळीपर्यंत पोपडे धरतो, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. १० बाय १६ च्या खोलीच्या भिंती नि छत मिळून सहाशेएक चौरस फूट होतात. प्लॅस्टिक इमल्शनच्या दोन हातांना चार-पाच लिटर रंग पुरतो. खर्च रंगाचा फार नसतो, तो दर वर्षी पुन्हा करावा लागतो म्हणून जड जातो. तेव्हा यंदाच्या पावसात पाणी कुठून आलं आणि कुठवर चढलं याच्या खुणा भिंतीवर पेन्सिलने करून ठेवा, थंडीत गिलावा काढा आणि रंग मार्च-एप्रिलमध्ये द्या. गणपतीला भिंतीवर पडदा लावला तरी चालतो.